घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं? एका कार्यालयातल्या वेळ-नोंदीचं प्रकरण

ही हकीकत इमारतींचे स्ट्रक्चरल आराखडे करणाऱ्या एका सल्लागार कार्यालयाची आहे. तिथला प्रशासनाचा कारभार माझ्याकडे होता, त्यामुळे यातल्या बऱ्याच चुका माझ्याच सहीने झाल्या. कार्यालयाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोळाबेरीज करून दिले आहेत.

पार्श्वभूमी

दोन संचालक, पाच अभियंते, ड्रॉइंग करणारे पंधरा-सोळा जण आणि बाकी कार्यालयीन मंडळी, अशी एकूण तीसेक माणसं. कामं ठरलेल्या रकमेवर घेतली जायची. म्हणजे एखादं ड्रॉइंग दोन दिवसांत झालं काय किंवा सहा दिवसांत, ग्राहकाकडून पैसे तेवढेच येणार. वाढलेल्या दिवसांचा भार कार्यालयानेच सोसायचा.

सलग दोन वर्षं कामं वाढत होती, माणसंही वाढली होती, आणि तरी तारखा चुकत होत्या. थोरल्या संचालकांनी एका बैठकीत सगळ्यांदेखत विचारलं, "माणसं दिवसभर इथे असतात, मग वेळ जातो कुठे?" प्रश्न रास्त होता. पण तो विचारण्याच्या सुरातच उत्तर ठरलं होतं: लोक टंगळमंगळ करतात. मलाही तेव्हा थोडंफार तसंच वाटायचं.

अडचण

वेळेची नोंद आमच्याकडे नव्हती असं नाही. टाइमशीट होतं. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, प्रत्येक प्रकल्पाला कोड, त्याखाली कामाच्या प्रकाराला कोड, असे मिळून अडतीस कोड. रोज भरायचं असा नियम होता. भरलं जायचं शुक्रवारी संध्याकाळी, पाच दिवसांचं एकदम, अंदाजपंचे दाहोदरसे.

मी मागच्या सहा महिन्यांची टाइमशीटं काढून बसले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की जवळजवळ प्रत्येकाचा प्रत्येक दिवस बरोब्बर आठ तासांचा होता. पंधरा मिनिटांची सोय असूनही नोंदी दोन तास, तीन तास, चार तास अशा ठोक होत्या. खऱ्या दिवसाला इतके सरळ काठ नसतात.

दुसरी गोष्ट फायलींच्या तारखा ताडून पाहिल्यावर सापडली. एका प्रकल्पाची चौथी रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, ज्या दिवशी बाहेर गेली, त्या दिवशी त्या प्रकल्पावर एकाही माणसाचा एकही तास नव्हता. मग ती रिव्हिजन केली कोणी?

तिसरी गोष्ट कळायला वेळ लागला, आणि खरं नुकसान तिनेच केलं होतं. प्रत्येक प्रकल्पाला तासांचं बजेट असायचं. नोंदवलेले तास बजेटपर्यंत चढत जायचे आणि तिथे आल्यावर जागच्या जागी थांबायचे. काम चालूच असायचं, पण तास दुसऱ्याच एखाद्या ऐसपैस बजेट असलेल्या प्रकल्पाच्या नावावर पडायचे. बजेट ओलांडलं की जाब विचारला जातो हे सगळ्यांना पाठ होतं. परिणामी तोट्यातली कामं कागदावर काठावर पास दिसत होती आणि चांगली कामं विनाकारण महाग. पुढच्या कामाची रक्कम ठरवताना आम्ही हेच आकडे समोर ठेवत होतो. तोट्याचं काम पुन्हा त्याच दराने घ्यायची सोय आम्ही आमच्याच टाइमशीटमधून करून ठेवली होती.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी खासगीत विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आठ तास हवे होते, आम्ही आठ तास दिले."

समोरचे पर्याय

संचालकांपुढे मी तीन पर्याय मांडले. टाइमशीट कडक करायचं, म्हणजे रोज संध्याकाळी भरल्याशिवाय संगणक बंदच होणार नाही अशी व्यवस्था. दुसरा, संगणकावर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर: कीबोर्ड-माऊसची हालचाल, कोणता प्रोग्रॅम किती वेळ उघडा होता, आणि दर काही मिनिटांनी पडद्याचं छायाचित्र. तिसरा, काही आठवडे नमुना पाहणी. तिसरा पर्याय मी यादीत केवळ यादी पूर्ण दिसावी म्हणून घातला होता, हे आता कबूल करते.

चौथा पर्याय कोणालाच सुचला नाही: माणसांचा वेळ न मोजता कामं कुठे साचतात तेवढं मोजायचं. त्याकडे पुढे येते.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो आम्ही हातचा घालवला. आकडे मिळाल्यावर आपण त्यांचं काय करणार, हे कोणी विचारलंच नाही. कामाची रक्कम ठरवायला आकडे हवेत, की पगारवाढीसाठी माणसं ताडायला, की काम कुठे अडतं ते शोधायला? पहिल्याला प्रकल्पवार तास लागतात, अर्ध्या-पाऊण तासाची चूक चालते. तिसऱ्याला माणसाचं नावसुद्धा लागत नाही. दुसऱ्यासाठी कसलीही नोंद वापरायची ठरवली की पहिल्या आणि तिसऱ्यासाठी ती नासते, कारण मग लोक स्वतःला जपून लिहितात. आम्हाला एकाच नोंदीतून तिन्ही हवं होतं.

हजेरीची गोष्ट निराळी. माणसाने दिवसात एकूण किती तास काम केलं हे नोंदवणं त्याच्याही हिताचं असतं, जादा काम त्यातूनच सिद्ध होतं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१९मध्ये मालकांवर रोजचे तास मोजणारी व्यवस्था ठेवण्याचं बंधन मान्य केलं, त्यामागे कामगारांचं संरक्षण हाच विचार होता. पण तास किती झाले हे विचारणं आणि त्या तासात मिनिटामिनिटाला काय केलं हे विचारणं, यात फरक आहे. आमच्या चर्चेत दोन्ही एकाच श्वासात येत होतं.

पहिलं पाऊल: सॉफ्टवेअर

संचालकांनी सॉफ्टवेअर निवडलं. मी विरोध केला नाही. एक महिन्याची चाचणी, बारा संगणकांवर. लोकांना आम्ही एका ईमेलने कळवलं, चार ओळींत, आणि त्यात "उत्पादकता" हा शब्द तीनदा होता.

पहिल्या आठवड्याच्या अहवालात सगळ्यात खाली नाव आलं ते ड्रॉइंग तपासणाऱ्या आमच्या सगळ्यात अनुभवी अभियंत्याचं. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ "निष्क्रिय". कारण सोपं होतं: ते प्रिंट काढून, टेबलावर पसरून, लाल पेनाने तपासतात. त्या दोन तासांत माऊस हलत नाही आणि इमारतीतली एखादी चुकलेली सळई मात्र सापडते. सगळ्यात वर नाव होतं एका तरुण सहकाऱ्याचं. त्या आठवड्यात त्याने एक संपूर्ण मजला दोनदा काढला होता, कारण बदल झाल्याची ईमेल त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. सॉफ्टवेअरच्या लेखी तो आदर्श.

दुसऱ्या आठवड्यापासून आकडे सगळ्यांचेच सुधारले. लोक फोनवर बोलतानाही एका हाताने माऊस फिरवत बसलेले मला दिसायचे. तपासणाऱ्या अभियंत्यांनी प्रिंट काढणं कमी केलं आणि पडद्यावर तपासायला सुरुवात केली. त्या महिन्यात त्यांच्या नजरेतून दोन चुका सुटल्या. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण त्यांनी स्वतः तो माझ्याजवळ बोलून दाखवला.

चाचणी थांबली ती मात्र वेगळ्याच कारणाने. अहवाल चाळताना एका पडद्याच्या छायाचित्रात मला एका सहकाऱ्याच्या घरच्या माणसाचा वैद्यकीय अहवाल दिसला. दुपारच्या सुट्टीत उघडलेला. मी तो वाचला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. नजर गेली आणि कळायचं ते कळलं. त्यानंतर त्या सहकाऱ्याशी सुट्टीच्या अर्जावर बोलताना मला जे माहीत नसायला हवं होतं ते माहीत होतं.

मी त्याच संध्याकाळी संचालकांकडे गेले आणि चाचणी बंद करावी असं सांगितलं. हा दुसरा निर्णयाचा क्षण. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ती छायाचित्रं आता कुठे आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. ती विक्रेत्याच्या सर्व्हरवर होती आणि किती दिवस राहतात हे करार करताना मी विचारलंच नव्हतं. ती पुसून घ्यायला पंधरा दिवस आणि डझनभर ईमेल लागल्या.

दुसरं पाऊल: घंटी आणि चिठ्ठी

मग यादी पूर्ण करायला घातलेला तो तिसरा पर्याय पुढे आला. नमुना पाहणीची कल्पना जुनी आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी कापडगिरण्यांत ती वापरली आणि १९३० च्या दशकात मांडली. मागावर दिवसभर घड्याळ धरून उभं राहण्याऐवजी यादृच्छिक क्षणी नजर टाकायची आणि त्या क्षणी माग चालू आहे की बंद एवढंच लिहायचं. शंभरातल्या वीस नजरांना बंद दिसला, तर वेळेचा साधारण पाचवा हिस्सा तो बंद असतो. नजरा जितक्या जास्त, अंदाज तितका पक्का.

आम्ही बाहेरून नजर टाकणारा माणूस ठेवला नाही. चोवीस जण तयार झाले. प्रत्येकाच्या फोनवर दिवसातून सहा वेळा घंटी, प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या आणि रोज नव्याने काढलेल्या. घंटी वाजली की चिठ्ठीवर दोन खुणा करून ती पेटीत टाकायची. नाव नाही, फक्त विभाग. नियम एकच: घंटीच्या क्षणी जे चालू आहे तेच लिहायचं, त्याआधी काय चाललं होतं ते नाही. तीन आठवडे, पंधरा कामाचे दिवस.

पहिली खूण होती "आत्ता काय चालू आहे?" यासाठी, फक्त सहा पर्याय. दुसरा प्रश्न मला त्या टाइमशीटवाल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवला, आणि सगळं गुपित त्यातच निघालं: "या वेळी हेच काम करायचं ठरलं होतं का? नसेल तर का नाही?"

तिसरा निर्णयाचा क्षण इथे आला. संचालकांनी पण चिठ्ठ्या टाकायच्या की नाही? धाकटे लगेच हो म्हणाले. थोरल्यांना पटेना. "मी काय करतो ते मला माहीत आहे." मी म्हटलं, सर, लोकांनाही तसंच वाटतं. ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फोन आणून दिला, घंटी लावायला.

काय हाती आलं

दोन हजार एकशे साठ घंट्यांपैकी अठराशेच्या आसपास चिठ्ठ्या परत आल्या. नवीन काम करताना घंटी वाजली अशा ४४ टक्के. एकदा झालेलंच काम पुन्हा करताना १९. बोलणं, फोन, बैठका १५. फाईल, माहिती किंवा ताजी रिव्हिजन शोधणं ९. कार्यालयीन किरकोळ ७. सुट्टी आणि खासगी ६.

ज्या सहा टक्क्यांसाठी आम्ही लोकांच्या पडद्याची छायाचित्रं काढत होतो ते हेच. लोकांनी ते थोडं कमी लिहिलं असेल, मान्य. दुप्पट धरा. तरीही ते पुनर्कामाच्या खालीच राहतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणखी बोलकं होतं. सव्वीस-सत्तावीस टक्के चिठ्ठ्यांवर "ठरलेलं काम हे नव्हतं" अशी खूण होती, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी कारण एकच: मंजुरी किंवा उत्तर यायचं आहे. टाइमशीटमध्ये हे कधीच दिसलं नसतं, कारण वाट पाहणारा माणूस रिकामा बसत नाही. तो हातातलं अडलेलं काम सोडून दुसरं उचलतो, तेही अर्धवट असतानाच पहिलं परत येतं. कागदावर तो दिवसभर कामातच असतो. खरोखर असतोही.

मग मी एक अगदी साधी गोष्ट केली. दहा दिवस रोज सकाळी संचालकांच्या टेबलावरची मंजुरीसाठी आलेली ड्रॉइंग मोजली. सरासरी अठरा. दिवसाला मंजूर होऊन बाहेर पडत होती सहा. अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१मध्ये रांगेबद्दलचा एक नियम गणिताने सिद्ध केला: रांगेत सरासरी जितके नग, भागिले वेळेला जितके बाहेर पडतात, तेवढा सरासरी मुक्काम. अठरा भागिले सहा. प्रत्येक ड्रॉइंग टेबलावर तीन दिवस पडून राहत होतं, पंधरा-वीस मिनिटांच्या नजरेसाठी.

आणि त्या तीन दिवसांतच पुनर्काम जन्माला येत होतं. तारीख गाठायची म्हणून ड्रॉइंग करणारा मंजुरी गृहीत धरून पुढचे मजले काढत राहायचा. चौथ्या दिवशी लाल खुणा होऊन पहिलं ड्रॉइंग परत आलं की पुढचे तीनही बदलायचे. म्हणजे वाट पाहणं आणि पुन्हा करणं या दोन वेगळ्या अडचणी नव्हत्याच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आमचं वर्षभर चाललं होतं.

हे संचालकांना सांगणं सोपं नव्हतं. थोरल्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे उशीर माझ्यामुळे होतो, असं तुमचं म्हणणं?" मी म्हटलं, तुमच्यामुळे नाही सर, तुमच्या टेबलावर. त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांनी मला मदत केली. त्यांचा बहुतेक दिवस साइटवरच्या फोनमध्ये जात होता. मंजुरीचं काम ते सगळे निघून गेल्यावर करायचे.

त्यांनी लगेच दुसरी मागणी केली: पुढच्या फेरीत चिठ्ठीवर नाव घालू या. इथे मला गणिताने वाचवलं. अठराशे चिठ्ठ्यांत एखादी गोष्ट वीस टक्के आली, तर खरा आकडा दोन टक्के इकडे-तिकडे असेल एवढा भरवसा धरता येतो. एका माणसाच्या वाट्याला त्यातल्या पंच्याहत्तर. त्यात वीस टक्के आले, तर खरं अकरा असू शकतं किंवा एकोणतीस. एवढ्या ढिल्या आकड्यावर कोणाची पगारवाढ ठरवणार? ही पद्धत कार्यालयाबद्दल नेमकं बोलते आणि माणसाबद्दल मोघम. माझ्या दृष्टीने तोच तिचा गुण.

काय बदललं

मंजुरीसाठी दिवसातून दोन ठरलेल्या वेळा ठेवल्या, त्या वेळी संचालकांना फोन जोडायचा नाही. ज्या बदलांनी भाराच्या हिशोबाला धक्का लागत नाही ते ज्येष्ठ अभियंत्यांच्या सहीवर सोडले. यावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि यानेच सगळ्यात जास्त फरक पडला. आर्किटेक्टकडून येणारी माहिती पूर्ण झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असाही नियम केला, जो निम्म्या वेळा पाळला जातो.

टाइमशीट बंद केलं नाही. रकमा ठरवायला प्रकल्पवार तास हवेतच. अडतीस कोडांचे नऊ केले, पंधरा मिनिटांचे रकाने अर्ध्या तासाचे केले, आणि "बजेटबाहेरचे तास" असा एक वेगळा रकाना घातला. संचालकांनी बैठकीत सांगितलं की सहा महिने या रकान्यावरून कोणालाही काही विचारलं जाणार नाही. पहिले तीन आठवडे तो रकाना कोराच होता. मग तपासणाऱ्या त्या अभियंत्यांनी त्यात अकरा तास लिहिले, काहीही झालं नाही, आणि तिथून तो भरायला लागला.

परिणाम

तीन महिन्यांनी टेबलावरचा सकाळचा गठ्ठा सातवर आला, बाहेर पडणारी ड्रॉइंगही दिवसाला सात. मुक्काम एक दिवस. घंटीची दुसरी फेरी घेतली तेव्हा पुनर्काम तेरा टक्क्यांवर दिसलं, पण त्या फेरीत लोक कंटाळले होते, चिठ्ठ्या कमी आल्या, त्यामुळे त्या आकड्यावर मी फार भार टाकत नाही. गठ्ठ्याचा आकडा मात्र खरा, तो कोणीही मोजून बघावा.

तारखा अजूनही चुकतात, पूर्वीपेक्षा कमी. एका प्रकारच्या कामाला आम्ही धरत होतो त्याच्या दीडपट तास लागतात हे नव्या रकान्यातून उघड झालं. रक्कम वाढवली, तर दोन जुने ग्राहक गेले. संचालक बाहेरगावी असले की मंजुरीच्या वेळा कोलमडतात आणि गठ्ठा आठवडाभरात पुन्हा चढतो. सॉफ्टवेअरच्या महिन्यानंतर एका ड्रॉइंग करणाऱ्या मुलीने नोकरी सोडली. निघताना तिने कारण स्पष्ट सांगितलं, आणि ते परतवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी गठ्ठा मोजायला हवा होता. दहा दिवस, रोज पाच मिनिटं, कोणाच्याही परवानगीशिवाय, कोणाच्याही पडद्यात न डोकावता. तेवढ्यावरूनही निम्मं कोडं सुटलं असतं. आम्ही त्याऐवजी माणसांपासून सुरुवात केली, कारण माणसं समोर दिसतात.

सॉफ्टवेअर आणायचंच होतं तर विक्रेत्याला तीन गोष्टी आधी विचारायच्या होत्या: नोंद कुठे राहते, किती दिवस राहते, कोण उघडून बघू शकतं. आणि छायाचित्रांची सोय पहिल्याच दिवशी बंद करायची होती.

चार ओळींच्या त्या ईमेलऐवजी बैठक घ्यायला हवी होती. घंटीच्या वेळी आम्ही ती घेतली, आणि दुसरा प्रश्न आम्हाला त्यामुळेच मिळाला. देखरेखीच्या महिन्यात असा प्रश्न सुचवायला कोणी माझ्याकडे आलं नसतं.

घंटीच्या पाहणीत माझी एक चूक राहिली: "बोलणं, फोन, बैठका" हा पर्याय मी एकत्र ठेवला. शेजारच्याला शिकवणं आणि निष्फळ बैठकीत बसणं एकाच खुणेत गेलं, आणि त्या पंधरा टक्क्यांचं काय करायचं हे आजही कळत नाही.

सकाळचा गठ्ठ्याचा आकडा अजून फळ्यावर लिहिला जातो. आता तो धाकटे संचालक स्वतः लिहितात. टाइमशीट बहुतेक जण रोज भरतात. ते ज्येष्ठ सहकारी मात्र अजूनही शुक्रवारी संध्याकाळीच भरतात, पाच दिवसांचं एकदम. मी विचारत नाही. गेल्या महिन्यात त्यांचा एक दिवस साडेसहा तासांचा होता.